चारचौघांतली भीती: ती टिकते कशी आणि आपलं आपण तिच्यावर काम कसं करायचं

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मुद्दा मनात तयार असतो, पण हात वर करायच्या आधीच छाती धडधडायला लागते, घशाला कोरड पडते आणि विषय पुढे निघून जातो. बँकेत मागे कोणी उभं असलं की सही नीट येत नाही. लग्नात उखाण्याची पाळी येणार असं दिसलं की पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. फोन वाजतो, नाव ओळखीचं असतं, तरी तो वाजून बंद होईपर्यंत वाट बघायची आणि मग ‘सॉरी, सायलेंटवर होता’ असा मेसेज टाकायचा. कधीमधी हे सगळ्यांचंच होतं. पण वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं आणि कुठलं कॉलेज, कुठली नोकरी, कोणाशी मैत्री हेसुद्धा भीतीला विचारून ठरायला लागलं, तर तिला सोशल अँग्झायटी म्हणतात. तिच्यावर काम कसं करायचं हे आता बरंच नीट माहीत झालेलं आहे, आणि त्यातला मोठा भाग माणसाला स्वतः करता येतो.

हा नुसता भिडस्त स्वभाव नाही, वेगळी ओळखता येण्यासारखी तक्रार आहे, हे १९६६ मध्ये लंडनच्या आयझॅक मार्क्स आणि मायकल गेल्डर या मनोविकारतज्ज्ञांनी दाखवून दिलं. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तिला स्वतःची जागा मिळाली. आजच्या निकषांप्रमाणे भीती साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलेली हवी, प्रसंगाच्या मानाने ती जास्त हवी आणि तिच्यामुळे रोजच्या जगण्यात अडचण यायला हवी. सुरुवात बहुतेकदा शाळेच्या वरच्या वर्गांत, वयात येताना होते. त्यामुळे घरचे ‘वाढत्या वयाचं आहे, जाईल’ म्हणून सोडून देतात आणि मधली दहा-पंधरा वर्षं तशीच निघून जातात.

आपलं कितपत आहे याचा अंदाज घ्यायला तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी वापरतात. फजिती होईल या भीतीने मी कामं किंवा बोलणं टाळतो का? सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे जाईल असे प्रसंग मी टाळतो का? चारचौघांत मूर्ख दिसणं ही माझ्या सगळ्यात मोठ्या भीतींपैकी एक आहे का? प्रत्येकाला ० (मुळीच नाही) ते ४ (अतिशय) गुण द्यायचे. बेरीज ६ किंवा त्याहून जास्त आली, तर पुढे नीट तपासून घ्यावं असा तिचा अर्थ. हे निदान नव्हे. पण सुरुवातीचा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा, तीन महिन्यांनी उपयोगी पडतो.

भीती जात का नाही

खरा प्रश्न हा आहे. रोज लोकलने जाणाऱ्याची गर्दीची भीती सवयीने कमी होते. मग वीस वर्षं लोकांत वावरूनही लोकांची भीती का कमी होत नाही? ब्रिटिश मानसतज्ज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये याचं जे उत्तर मांडलं, त्यावरच आजची सगळ्यात परिणामकारक उपचारपद्धती उभी आहे.

प्रसंग सुरू झाला की लक्ष समोरच्या माणसावरून उडून स्वतःवर जातं. आवाज कापतोय का, कान लाल झालेत का, हात कुठे ठेवू. आतून जाणवणाऱ्या धडधडीवरून मनात स्वतःचं एक चित्र तयार होतं: घामाघूम, थरथरणारा, त-त-प-प करणारा माणूस. आणि समोरच्यालाही हेच दिसतंय असं आपण धरून चालतो. समोरच्याच्या चेहऱ्याकडे तर धड पाहिलेलंच नसतं, त्यामुळे हे चित्र खोटं ठरवणारी माहिती आत येतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बचावाच्या युक्त्या. हा अख्ख्या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून बघू. वाक्य आधी मनात तीनदा घोकून मग बोलणं. कप दोन्ही हातांनी घट्ट धरणं, किंवा चहा नकोच म्हणणं. घाम दिसू नये म्हणून उन्हाळ्यातही जाड, गडद शर्ट. नजर खाली. वर्गात मागचा बाक. लग्नात सतत काहीतरी वाढण्याचं काम अंगावर घेणं, म्हणजे कोणाशी बसून बोलावं लागत नाही. स्वतःबद्दल बोलावं लागू नये म्हणून समोरच्याला प्रश्नांवर प्रश्न. हातात मोबाईल. ऑनलाइन मीटिंगमध्ये ‘नेट स्लो आहे’ म्हणून कॅमेरा बंद. भराभर बोलून संपवणं. आणि काहींच्या बाबतीत समारंभाआधी दोन पेग.

या युक्त्यांचं नुकसान तीन प्रकारचं. प्रसंग बरा गेला तरी श्रेय युक्तीला जातं: ‘घोकून गेलो म्हणून वाचलो.’ भीतीचं भाकीत कधी तपासलंच जात नाही. शिवाय युक्ती ज्याची भीती तेच घडवून आणते. कप घट्ट आवळला की हात जास्त कापतो, वाक्य घोकत बसलं की समोरचा काय म्हणाला ते ऐकू येत नाही, जाड शर्टात घाम जास्त येतो. आणि समोरच्याला खाली नजर आणि एकशब्दी उत्तरं दिसतात, तेव्हा त्याला वाटतं हा शिष्ट आहे, याला आपल्याशी बोलायचं नाही. भीती वाटते म्हणून माणूस मागे सरतो, समोरचाही मग मागे सरतो, आणि ‘बघ, मी कोणाला आवडत नाही’ याचा पुरावा हातात पडतो.

तिसरा भाग नंतरचा. घरी आल्यावर रात्री पडल्या पडल्या पूर्ण प्रसंग पुन्हा चालवला जातो आणि प्रत्येक फेरीत तो आणखी वाईट होत जातो. पुढच्या वेळी आठवतो तो हा बिघडवलेला प्रसंग, मूळचा नव्हे.

लोकांचं आपल्याकडे खरंच किती लक्ष असतं? २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, त्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं साधारण निम्म्या लोकांनी ओळखलं असेल. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनीच ओळखलं. २००३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात भाषण करणाऱ्यांपैकी काहींना आधी सांगितलं होतं की तुमची घालमेल तुम्हाला जाणवते तितकी बाहेर दिसत नाही. नुसतं एवढं सांगितल्याने त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही जास्त चांगली वाटली.

आधी दोन आठवडे फक्त नोंद

लगेच धीटपणा दाखवायला निघू नका. एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे रोज एक-दोन प्रसंग लिहा. प्रसंग काय, काय होईल असं वाटलं, त्याची किती टक्के खात्री होती, कोणत्या युक्त्या वापरल्या, खरं काय झालं. युक्त्यांचा रकाना सुरुवातीला रिकामा राहतो, कारण त्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की दिसत नाहीत. स्वतःला विचारा: या प्रसंगात कोणी माझा मोबाईल काढून घेतला असता, मला मधल्या खुर्चीवर बसवलं असतं, विचार करायला वेळ दिला नसता, तर मी कशाने घाबरलो असतो? उत्तरात युक्ती सापडते.

‘काय होईल असं वाटलं’ हे नेमकं लिहायला हवं. ‘वाईट होईल’, ‘कसंतरीच वाटेल’ यांचा उपयोग नाही, कारण ते तपासता येत नाही. कसंतरी वाटणारच आहे. ‘दुकानदार वैतागून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेल’, ‘तिघंजण एकमेकांकडे बघून हसतील’, ‘मी मधेच अडकेन आणि अर्धा मिनिट शांतता होईल’ ही भाकितं बाहेरून बघून खरी-खोटी ठरवता येतात.

दोन चाचण्या, घरातच

पहिलीसाठी ओळखीचं पण फार जवळचं नसलेलं कोणीतरी हवं: मावसभावाचा मित्र, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, ऑफिसातला दुसऱ्या टीमचा सहकारी. त्याच्याशी पाच मिनिटं गप्पा मारा, सगळ्या युक्त्या वापरून, स्वतःवर बारीक लक्ष ठेवून. थोड्या वेळाने पुन्हा पाच मिनिटं, या वेळी युक्त्या सोडून आणि पूर्ण लक्ष समोरच्याकडे देऊन. दोन्ही वेळा स्वतःला गुण द्या: किती भीती वाटली (० ते १००), किती वाईट दिसलो (० ते १००). समोरच्यालाही विचारा, कोणत्या वेळी गप्पा बऱ्या झाल्या. बहुतेकांना अपेक्षेच्या उलट उत्तर मिळतं: युक्त्या सोडल्यावर भीती कमी आणि गप्पा चांगल्या. हे वाचून पटत नाही, करून पटतं, म्हणून ही चाचणी वगळू नका.

दुसरी चाचणी मोबाईलची. तीन मिनिटं कुठल्याही विषयावर बोलतानाचं चित्रण दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा. ते बघायच्या आधी कागदावर लिहा की काय दिसेल: चेहरा किती लाल (० ते १००), आवाज किती कापेल, किती वेळा अडखळाल. मग डोळे मिटून ते चित्र मनात आणा. त्यानंतर चित्रण बघा, पण ते एखाद्या परक्या माणसाचं आहे असं समजून, आणि बोलताना आत काय वाटत होतं ते आठवू न देता. इथेच बहुतेकांची चूक होते. ते बघता बघता ती घालमेल पुन्हा अनुभवतात आणि म्हणतात, ‘भयंकर आहे.’ तसं झालं तर आवाज बंद करून एकदा बघा, मग आवाजासकट. मनातलं चित्र आणि पडद्यावरचं चित्र यांत फरक किती पडला, तो आकडा लिहा.

लक्ष बाहेर वळवायचा सराव

दिवसातून दोन-तीनदा, भीती नसलेल्या ठिकाणी सुरुवात करा. भाजीवालीकडे उभं असताना तिच्या हातातल्या बांगड्यांचा रंग, ती आधी वजन टाकते की आधी भाजी, मागे कोणतं गाणं वाजतंय. कोणी बोलत असेल तर शेवटचं वाक्य मनात त्याच्याच शब्दांत पुन्हा म्हणता येईल इतकं नीट ऐका. लक्ष पुन्हा स्वतःकडे जाईल, शंभर वेळा जाईल. स्वतःला रागवायचं नाही, परत बाहेर आणायचं. आठवडाभराने हाच सराव थोड्या अवघड ठिकाणी.

श्वसनाच्या व्यायामाबद्दल इथेच सांगायला हवं. रोज सकाळी प्राणायाम करणं चांगलंच आहे. पण मीटिंगमध्ये थरथर लपवण्यासाठी मोजून मोजून श्वास घेत बसणं ही आणखी एक बचावाची युक्ती आहे: लक्ष पुन्हा आत, आणि बरं गेलं तर श्रेय श्वासाला. ‘घाबरलात की दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. या तक्रारीत तो उपायाचा केंद्रबिंदू होऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रयोगांची शिडी

आता बाहेर पडायचं. टाळत असलेले दहा-बारा प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला ० ते १०० भीतीचे गुण द्या. समजा, गावाहून पुण्यात येऊन आयटी कंपनीत नुकत्याच लागलेल्या मुलाची यादी अशी होईल:

रिक्षावाल्याला रस्ता सांगणं, २५
दुकानात दोन शर्ट बघून न घेता बाहेर पडणं, ३५
फोनवर जेवण मागवणं, रूममेट ऐकत असताना, ४०
कँटीनमध्ये ओळख नसलेल्यांच्या टेबलावर बसणं, ५०
टीम कॉलमध्ये एक प्रश्न विचारणं, ६०
मॅनेजरला ‘हे मला कळलं नाही’ म्हणणं, ७०
दहा जणांसमोर पाच मिनिटं डेमो देणं, ८५
ऑफिसच्या पार्टीत शेवटपर्यंत थांबणं, न पिता, ९०

सुरुवात ३०-४० च्या आसपास करा. २० च्या प्रसंगातून शिकायला फारसं काही मिळत नाही, आणि एकदम ९० वर उडी मारली तर माणूस सगळ्या युक्त्या एकदम वापरून कसाबसा पार पडतो आणि पुन्हा जात नाही. आठवड्याला तीन-चार प्रयोग तरी हवेत. महिन्यातून एक प्रयोग म्हणजे दर वेळी नव्याने सुरुवात.

वहीतलं एक पान बघू.

प्रसंग: गुरुवारचा टीम कॉल, एक प्रश्न विचारायचा. भाकीत: ‘आवाज कापेल, सगळे गप्प होतील, लीड म्हणेल हे आधीच सांगितलंय.’ खात्री ८० टक्के. सोडायच्या युक्त्या: प्रश्न लिहून वाचणार नाही, कॅमेरा चालू ठेवणार, पडद्यावरची स्वतःची खिडकी लपवणार, आधी ‘सॉरी, एक छोटासा डाउट आहे’ म्हणणार नाही. लक्ष कुठे: उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. काय घडलं: पहिल्या वाक्याला आवाज कापला. लीडने दोन मिनिटं उत्तर दिलं. ‘आधी सांगितलंय’ असं कोणी म्हटलं नाही. एक सिनियर म्हणाली, मलाही हेच विचारायचं होतं. काय कळलं: आवाज कापला तरी कोणी थांबलं नाही, कापणं आणि फजिती होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता खात्री ३५ टक्के.

‘भीती किती कमी झाली’ हा रकाना या पानात मुद्दामच नाही. प्रयोगाचं यश भीती कमी होण्यात नसतं, भाकीत तपासलं गेलं की नाही यात असतं. भीती मागाहून, हप्त्याहप्त्याने उतरते. जो दर वेळी ‘आज तरी कमी वाटली का’ हे मोजत बसतो, तो पुन्हा स्वतःवरच लक्ष ठेवून असतो.

काही प्रयोग वहीतल्या भाकितापलीकडचे असतात: मुद्दाम छोटी फजिती करून घ्यायची. दुकानात सुट्टे पैसे हातातून खाली पाडून सावकाश गोळा करणं. बोलताना मुद्दाम दहा सेकंद थांबणं. माहीत असलेल्या गोष्टीचा पत्ता विचारणं. तळहात ओला करून हस्तांदोलन करणं. या जातीच्या व्यायामांना अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. ते स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला अतिशय घाबरत. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशेजारी बसून बोलायचंच असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे महिन्याभरात १३० जणींशी गाठ पडली, ३० जणी उठून गेल्या, १०० जणी बोलल्या आणि एकीने भेटायचं कबूल केलं. तीही आली नाही. नकार शंभर टक्के, पण त्यांची भीती त्यातच गेली, कारण नकाराने काहीच कोसळलं नाही. (आज अनोळखी स्त्रियांना असं गाठणं योग्य नाही. घ्यायचं ते तत्त्व.) अविवेकी समजुती तपासून बदलायची एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणण्याचं मोठं काम डॉ. कि. मो. फडके यांनी केलं, त्यामुळे या विचारावर मराठीत चांगलं लेखन उपलब्ध आहे.

फजितीचे प्रयोग करताना एकच पथ्य: दुसऱ्या कोणाला त्रास, भीती किंवा नुकसान होता कामा नये.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते एखादी युक्ती शिल्लक राहिल्यामुळे. माणूस सांगतो, ‘मी सहा महिने मीटिंगमध्ये बोलतोय, भीती तेवढीच आहे.’ खोलात गेलं की कळतं, दर वेळी वाक्य घोकून बोलतोय. प्रयोगाआधी विचारा: यातून वाचायला मी गुपचूप काय बरोबर नेतोय?

मग येतं ते आत्मविश्वासाची वाट बघणं. ‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बोलेन.’ क्रम उलटा आहे, आणि त्याला इलाज नाही.

तिसरं, धीर मागत राहणं. ‘मी ठीक बोललो ना? काही विचित्र वाटलं नाही ना?’ असं दर प्रसंगानंतर बायकोला किंवा मित्राला विचारलं की दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग पुन्हा विचारावंसं वाटतं. एकदा ठरवून, मोजून विचारणं वेगळं. उदाहरणार्थ सात-आठ जणांना नाव न घेता एक प्रश्न पाठवा: ‘कोणी चहा देताना हात थरथरला तर तुमच्या मनात काय येतं?’ उत्तरं वाचण्यासारखी असतात. अनेकांच्या मनात काहीच येत नाही, काहींना वाटतं तब्येत बरी नसेल.

आणि रात्रीची उजळणी. तिला बंदी घातली तर ती वाढते. त्याऐवजी प्रयोगाचं पान त्याच संध्याकाळी भरून टाका, आणि नंतर मन पुन्हा तिकडे गेलं की स्वतःला एवढंच सांगा: नोंद झालेली आहे. मग हात कशात तरी गुंतवा. अंथरुणात पडून ‘फक्त एकदा नीट आठवून बघतो’ हा सापळा आहे.

लोक खरंच हसत असतील तर

हा प्रश्न टाळून लिहिलेली पुस्तकं अर्धवट वाटतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या इंग्रजीवर वर्गात खरोखर हसलं जातं. जातीवरून, रंगावरून, लहेजावरून टोमणे मारले जातात. तिथे भीती चुकीची नाही, वातावरण चुकीचं आहे, आणि अशा माणसांसमोर ‘प्रयोग’ करत राहणं म्हणजे स्वतःला मार खायला पाठवणं. तिथे तक्रार, जागा बदलणं, पाठीशी माणसं उभी करणं हे उपाय. मात्र तीच भीती नंतर न हसणाऱ्या माणसांसमोरही टिकली, तर तेवढ्या भागावर वर सांगितलेलं काम करायचं.

इंग्रजीच्या बाबतीत आणखी एक गाठ सोडवून घ्यावी. भाषा येत नाही आणि भाषा बोलायची भीती वाटते, या दोन निराळ्या अडचणी आहेत. पहिलीला रोज अर्धा तास सराव हवा. दुसरीला चुकीच्या व्याकरणासकट बोलून बघायचा प्रयोग. एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही, म्हणून स्पोकन इंग्लिशचे तीन कोर्स करूनही काहीजण गप्पच राहतात. अडखळत बोलण्याची, म्हणजे तोतरेपणाची, मूळ तक्रार असेल तर स्पीच थेरपिस्टकडे आधी जावं.

साधनं कशी निवडायची

पुस्तक, अॅप, यूट्यूब वाहिनी, काहीही असो, चार गोष्टी तपासा. भरायचे तक्ते आहेत का? घराबाहेर जाऊन करायचं काम सांगितलंय का? बचावाच्या युक्त्या सोडायला सांगितलंय का? आणि कोणी याच्यावर अवलंबून न राहता डॉक्टरकडे जावं, हे लिहिलंय का? ‘सात दिवसांत आत्मविश्वास’, ‘लोकांवर छाप पाडणारी देहबोली’, ‘गप्पा सुरू करायची पन्नास वाक्यं’ या प्रकारचा माल बहुतेक वेळा नवीन युक्त्याच शिकवतो. पाठ केलेली पन्नास वाक्यं म्हणजे घोकायला आणखी पन्नास वाक्यं.

इंग्रजी वाचता येत असेल, तर ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या ‘सेंटर फॉर क्लिनिकल इंटरव्हेन्शन्स’ या सरकारी केंद्राच्या सोशल अँग्झायटीवरच्या पुस्तिका मोफत आहेत आणि वरचे चारही निकष पाळतात. मराठीत ठाण्याच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेची, डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘आवाहन’ ही यूट्यूब वाहिनी भावनांवर काम करण्याबद्दल भरपूर आणि जबाबदारीने बोलते. टोस्टमास्टर्ससारखे वक्तृत्वाचे क्लब मुंबई-पुण्यात आहेत. शिडीच्या वरच्या पायऱ्यांसाठी ते उत्तम. पण तिथे मुख्यतः ठरलेल्या वेळात मंचावर भाषण करायचं असतं, त्यामुळे मंचावर उत्तम बोलणारा माणूस चहाच्या सुट्टीत एकटा उभा राहू शकतो. दोन्हीचे प्रयोग वेगळे करावे लागतात.

एकट्याने करण्यापेक्षा कोणाच्या तरी मदतीने केलेली स्वमदत जास्त टिकते. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात पहिली पसंती सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायची उपचारपद्धती) जाणणाऱ्या तज्ज्ञाबरोबरच्या वैयक्तिक उपचाराला आहे: साधारण चार महिन्यांत दीड-दीड तासाच्या १४ पर्यंत बैठका. तो नको असेल तर पुस्तकाच्या आधाराने तीन-चार महिने काम आणि त्याला मिळून एकूण तीन तासांची मदत. तीन तास म्हणजे आठवड्याला जेमतेम पंधरा मिनिटं. तज्ज्ञ नसेल तर तेवढा वेळ समजूतदार मित्र किंवा बहीण देऊ शकते. तिने चारच प्रश्न विचारायचे: काय ठरवलं होतं, काय होईल वाटलं होतं, काय झालं, पुढचं काय. ‘काही होत नाही रे, तू मस्त बोलतोस’ हे म्हणायचं नाही.

घरातल्यांनी करायचं थोडं, टाळायचं जास्त. पाहुण्यांसमोर ‘हा ना, फार लाजाळू आहे’ हे वाक्य बंद. मुलाच्या वतीने हॉटेलात ऑर्डर देणं, त्याचे फोन आपण घेणं हेही हळूहळू, त्याला सांगून बंद. आणि ‘चल, काकांना कविता म्हणून दाखव’ हा अचानक हुकूम म्हणजे प्रयोग नव्हे. प्रयोग त्याने निवडायला हवा.

स्वमदत पुरत नाही तेव्हा

तीन महिने नियमित काम करून वहीतले आकडे हलले नाहीत, कॉलेज किंवा नोकरी सुटायची वेळ आली, दारू लागली, बरोबरीने खूप उदासी आहे किंवा जगू नये असे विचार येतात, तर थांबू नका. औषधांची गरज पडली तर एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन या गटातली औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात. त्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी बारा आठवडेही लागतात, आणि ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नसतात. भाषणाआधी घ्यायची म्हणून मित्राने दिलेली, धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी दम्याच्या रुग्णाला धोकादायक ठरू शकते. घालमेल शमवणाऱ्या अल्प्राझोलामच्या गोळीची सवय लागते. घाम किंवा चेहऱ्याची लाली थांबवण्यासाठी मज्जातंतूंची शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर याच तक्रारीसाठी ती करू नये असं नाइसचं स्पष्ट म्हणणं आहे.

केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. फोन करायचीच भीती असणाऱ्याला फोन करा म्हणणं अवघड आहे, हे खरं. म्हणून या एका फोनपुरतं पहिलं वाक्य कागदावर लिहून वाचायला हरकत नाही: ‘मला लोकांशी बोलायची खूप भीती वाटते, फोनवरसुद्धा, त्यामुळे मी अडखळलो तर थोडं थांबा.’